तुलनेची गावं

सड्यावर, वाडीच्या वरच्या कातळपठारावर, गवत कापताना पार्वतीबाई पराडकरांना फुरसं चावलं. त्यांनी फुरशाला एक कचकचीत शिवी हासडली, वाडीच्या समाजमंदिरात जाऊन निळी पेटी उघडली, आतली स्प्रिंगची सुई स्वतःच मांडीत टोचून घेतली आणि कपभर चहा पिऊन पुन्हा गवताला लागल्या. कुणी धावलं नाही, कुणी रडलं नाही. काही वर्षांपूर्वी त्यांना खाटेवर घालून तालुक्याला पळवावं लागलं असतं, आणि अशा खाटेवरून गेलेलं माणूस बोलत परत येईलच याचा भरवसा नव्हता.

पेटीतल्या औषधाचं नाव विषबंध. पूर्वी सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनवत. ते फ्रीजमध्ये ठेवावं लागे, आणि फ्रीज असे तालुक्याच्या रुग्णालयात. डॉ. नीरजा आजगावकर यांनी विषाला जखडून टाकणारी प्रतिपिंडं यीस्टमध्ये वाढवली, त्यांची उन्हाळ्यातही टिकणारी, टोचताना सुईतच पाण्यात विरघळणारी भुकटी केली आणि ती वाडीवाडीत नेऊन ठेवली. त्यांचं केंद्र म्हणजे बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या, यीस्टची एक टाकी आणि मोटारसायकलवरून गावोगावच्या पेट्या भरणारा यशवंत घाडीगावकर.

सरकारी निधीची मुदत आता संपत आली होती. तो वाढवून मिळाला नाही तर टाकी बंद आणि पेट्या रिकाम्या, इतकं सरळ होतं. निधी कुणाला द्यायचा हे हल्ली माणसं ठरवत नसत, ‘फलवेध’ नावाची यंत्रणा ठरवी. ती गावात थेट फोन लावून लोकांशी बोले आणि प्रकल्पामुळे नेमका काय फरक पडला याचं गणित मांडे. पूर्वी समितीवरच्या बड्या मंडळींची ओळख काढा, त्यांना शाल-नारळ द्या, त्यांच्या भाच्याला चिकटवून घ्या, असे प्रकार चालत. फलवेधला भाचे नव्हते. नीरजाबाईंना त्याचं केवढं कौतुक होतं!

फलवेधचा फोन पार्वतीबाईंनाही आला होता.

“तुमच्या वाडीत साप चावून कुणी दगावलं का?”

“नाय गो बाय. भगवतीच्या कृपेन सगळे बरे आसत.”

“कोणतं औषध वापरता?”

“आमका कसला औषध? देवी राखता आमका.”

बाईंच्या लेखी हे खोटं नव्हतं. जिवावरचं संकट टळलं की श्रेय देवीचं, दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही, आणि घरातलं चांगलं परक्याला सांगून दृष्ट लावून घ्यायची नाही, ही तिथली रीतच. सगळ्या गावांनी हेच उत्तर दिलं. रीत नीरजाबाईंना ठाऊक होती, आवडायचीही. फोन येईल तेव्हा आमचं नाव घ्या, असं लोकांना सांगणं मात्र त्यांना भिकारडं वाटलं होतं. तो ताठा आता नडला.

“अर्ज नामंजूर,” पडद्यावरून येणारा फलवेधचा आवाज गोड होता. “तुमच्या भागात सर्पदंशाचे मृत्यू नाहीत. लोक त्याचं श्रेय तुम्हाला देत नाहीत. गरज सिद्ध होत नाही.”

“मृत्यू नाहीत, कारण पेट्या आहेत! वापरलेल्या सुयांची पोती पडलीत माझ्याकडे.”

“सुई टोचली म्हणजे जीव सुईनेच वाचला, असं होत नाही. फुरसं चावलेले पुष्कळ जण एरवीही वाचतात.”

“मग आधीच्या वर्षांचे मृत्यू बघा.”

“तेव्हा रस्ते नव्हते, रुग्णवाहिका नव्हत्या. ती तुलना चालत नाही.”

नीरजाबाईंना राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रबंध आणला असता तर त्यांनी हेच प्रश्न विचारून त्याला परत पाठवला असता.

“एक सूचना आहे,” फलवेधचा आवाज म्हणाला. “निम्म्या गावांतल्या पेट्या एका पावसाळ्यापुरत्या काढा. दोन्हीकडे फरक दिसला की निधी कायमचा मंजूर. पुढे ही योजना राज्यभर नेता येईल.”

पडद्यावर गावांची नावं आली. निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निःपक्षपाती. पहिलंच गाव यशवंतचं होतं.

राज्यभर! नीरजाबाईंनी आयुष्यभर तेवढंच तर मागितलं होतं. आणि नाही म्हटलं, तर सगळ्याच गावांतल्या पेट्या जाणार होत्या. मन हिशेबाला लागलं.

“फरक किती दिसायला हवा?” त्यांनी विचारलं.

“मृत्यू किती, असं विचारायचं आहे का?”

“हो.”

“निम्म्या गावांत मिळून किमान तीन.”

“तीनच?” त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यांना खरोखर हायसं वाटलं होतं.

दारात यशवंत उभा होता, दोन्ही हातांत पेट्या घेऊन. तो कधीपासून ऐकत होता, कोण जाणे. त्याने पेट्या सावकाश खाली ठेवल्या आणि पडद्यावरची नावं वाचली. नीरजाबाई काहीतरी समजावू लागल्या, राज्यातल्या हजारो माणसांबद्दल. त्या जे सांगत होत्या त्यातला शब्दन् शब्द खरा होता. यशवंतने ते सगळं ऐकून घेतलं.

“बाई,” तो म्हणाला, “ते तीन कोण, ता तुम्ही ठरवतलात की ह्या यंत्र?”