खुंट्याला बांधलेला पाय

भूमच्या आठवडी बाजारात त्या दिवशी ऊन मोठे निष्ठुर होते. शिवगंगा भाजीची पिशवी सावरीत निघाली होती, तोच समोरून एक उंचापुरा तरुण लंगडत आला. त्याच्या खांद्यावर एक मेंढी होती. मेंढीच्या मोडक्या पायास बांबूच्या कामट्या नीट बांधलेल्या होत्या. त्याचा स्वतःचा घोटा मात्र भोपळ्यासारखा सुजला होता.

मुरूम गावाहून येऊन येथे फिजिओथेरपीचा दवाखाना थाटलेल्या तिला गप्प राहवले नाही.

"तुमच्या दोघांत पेशंट कोण?"

"ही. माझं काय न्हाय. फुटबॉल खेळताना जरा मुरगळला."

"आणि त्याच पायावर खेळताय?"

"दुसरा कुठनं आणू?"

ती संतापली. नजर मात्र, का कोण जाणे, त्या हसऱ्या डोळ्यांवरून लवकर निघेना…

तो तरुण, रामहरी, तिच्या दवाखान्यात येऊ लागला. ती त्यास एका पायावर उभे करी. तो डोलू लागला की तिचा हात आपोआप पुढे होई, आणि हात परत घेताना दोघांचीही तारांबळ उडे. परंतु दर खेपेस घोटा नव्याने सुजलेला असे.

"काल पळलात?"

"थोडंसं… गोल झाला पण."

"अहो, पुन्हा मुरगळला तर घोटा कायमचा सैल पडेल. मग फुटबॉल काय, मेंढरांमागंही चालता येणार नाही."

"धाराशिवला फायनल हाय, मॅडम. मी न्हाय तर पोरं हरतील."

ती उद्वेगाने खुर्चीत बसली. "ती मेंढी सोडली का कळपात?"

"छ्या. खुंट्याला बांधलीया. चारी पाय सारखे टाकंस्तोवर सोडत न्हाय आमी. पुन्यांदा मोडला तर कामातनं गेली."

"मेंढीला लावता ती अक्कल स्वतःला का लावत नाही? एका पायावर उडी मारून न डळमळता उतराल, तेव्हा खेळा. आधी खेळलात तर इथं येऊ नका. मला – मला नाही बघवत ते."

शेवटचे वाक्य ओठांतून निसटले होते.

फायनलच्या आदल्या दिवशी त्याने उडी मारली, आणि तो डळमळला. तरीही सकाळी तो संघाबरोबर धाराशिवला गेल्याचे तिच्या कानी आले. तिने दवाखाना बंद केला, एसटी पकडली आणि वाटभर त्याला सुनावायची वाक्ये जुळवीत ती मैदानावर पोहोचली.

सामना रंगात आला होता. धावणाऱ्यांत तो नव्हता. रेषेबाहेर तो मातीत बसला होता; पायात अडकवलेले लोकरीचे दावे शेजारच्या खुंट्याला बांधलेले होते.

"हे काय?"

"बुटं घालाय मन लई करत हुतं. म्हणून बांधून घेतलं." तो खाली पाहत म्हणाला. "पोरांकडनं तुमचा त्यो एका पायावरचा व्यायाम करून घेतला आधी. कुणाचा पाय न्हाय मुरगळला अजून."

"हरताय की."

"व्हय. एका गोलनं."

त्याचे डोळे ओले होते. वाटभर जुळविलेल्या वाक्यांतील एकही तिला आठवेना.

"आणि हे दावं कधी सोडायचं?"

"ते तुमी सांगाल तवा. पायाचं सोडा… मला नका सोडू."

"वैताग आहेस नुसता," ती म्हणाली.

मग ती पदर सावरीत त्याच्याजवळ मातीत बसली आणि तिने खुंट्यावरची गाठ चाचपून पाहिली.

"सैल बांधलीस," ती पुटपुटली, आणि स्वतःच्या हाताने तिने ती घट्ट आवळली.