दमसंधी

मिरजेच्या चौकांतून जाहिरातींचे फलक उतरून बरीच वर्षं झाली होती. ‘झुंजार’ या कबड्डी संघाचा हंगाम सुरू होतोय, हे कुणी कुणाला सांगत नसे. तिकिटं घ्या म्हणून कुणी मागे लागत नसे. तरी सामन्याच्या दिवशी अर्धं गाव जांभळे सदरे घालून निघायचं. दूध झुंजारचं, चहा झुंजारचा, पोरांच्या दप्तरावर झुंजारचा बिल्ला. ‘हाच संघ का हो?’ असं विचारलं, तर ‘स्वतःचीच आई का आवडते?’ असं विचारल्यासारखा माणूस बघत राही.

चिंतामणबुवा टेंभे त्या सकाळी झुंजारच्या कचेरीत आले, तेव्हा त्यांच्या अंगावर कीर्तनाचा अंगरखा आणि उपरणं होतं. बाहेर जायचं म्हणजे हाच वेश, अशी त्यांची जन्माची सवय.

“ये म्हणायच्या आधीच आलो, रेणुका. तुझ्या दारावरचं यंत्र माझं बोट मागत होतं. म्हटलं, बोट कशाला, पाय धर.”

डॉ. रेणुका पत्की हसली. संघाच्या प्रेक्षक-विज्ञान विभागाची ती प्रमुख. लहानपणी बुवांच्या मागे झांज धरून उभी राहायची.

“कमलाकाकू कशा आहेत?”

“त्यासाठीच आलो.” बुवा खुर्चीच्या कडेवर टेकले. “फुप्फुसं थकली तिची. आता दिवसांचाच प्रश्न, म्हणतात डॉक्टर. आमचं लग्नापासून ठरलेलं आहे बघ. जो आधी जाईल, त्याच्या कानात दुसऱ्यानं हरीचं नाम घ्यायचं, आणि जाणाऱ्यानं ते ओठांवर घेऊन जायचं. कधी पाटल्या मागितल्या नाहीत बाईनं, एवढंच मागितलं. आणि आता श्वास सोडला की तिच्या तोंडून काय येतं ठाऊक आहे? झुंजार. मग स्वतःचंच ऐकून रडते.”

“सामने बघतात का त्या?”

“तेवढीच करमणूक उरलीय. पोरं चढाईला गेली की तिच्या गालावर रंग येतो. सामना मीच लावून देतो.”

रेणुकानं समोरचा पडदा बंद केला.

“बुवा, चढाई करणारा ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत दम धरून पलीकडे जातो ना, तेव्हा बघणारेही नकळत दम धरतात. तो परत रेषेवर हात टेकवतो आणि सगळे एकदम श्वास सोडतात. त्या श्वासाबरोबर दीडेक सेकंद मेंदूची राखण उठते. हवं-नको, खरं-खोटं, काही निवडलं जात नाही. कानावर पडेल ते सरळ आत जातं आणि श्वासालाच चिकटतं. या फटीला आम्ही दमसंधी म्हणतो. त्या क्षणी प्रक्षेपणातून संघाचं नाव सोडतो. जाणवणारही नाही, इतकं हळू.”

“म्हणजे चोरून.”

“फलक तरी विचारून कुठे लावत होतो?”

“हे तुला सुचलं कुठून?”

“तुमच्याकडून.” ती खाली बघत म्हणाली. “तुम्हीच सांगायचात, गजर टिपेला जाऊन थांबला की झांज दाबून धर, मध्ये एक क्षण शांत जाऊ दे. त्या क्षणी माणूस रिकामा असतो, तेव्हा घातलेलं जन्मभर जात नाही. मी ते फक्त मोजलं.”

बुवांचा हात उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिला. मग ते म्हणाले, “काढ ते तिच्यातून.”

“काढता येत नाही. वर दुसरं घालता येतं. काकूंना एक छोटं यंत्र लावते. श्वास ओळखून ते दर दमसंधीला हरीचं नाम सोडेल. चार दिवसांत बसेल.”

“यंत्र म्हणणार आणि ती ओठ हलवणार. मग देवाच्या दारात उभं कोण राहिलं गं?”

“तुमच्या कीर्तनात वेगळं काय व्हायचं, बुवा?” टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बुवांनी डोळे मिटले. “माणूस आपल्या पायांनी यायचा. मी काय घालणार, हे त्याला ठाऊक असायचं. आणि जे घालायचो, ते आधी माझ्या आत असायचं. एवढाच फरक. पण आहे.” ते उठले, आणि त्यांचा चेहरा एकाएकी उजळला. “यंत्र नको मला. युक्ती कळली, पुरे झालं. ती श्वास सोडेल तेव्हा मीच नाम घालीन. जन्मभर दुसरं केलंय काय?”

“तुम्ही नाही ना बघत सामने?”

“छे. पाठ असते माझी पडद्याकडे. हातात माळ. तिचा श्वास अडकू नये म्हणून तिच्याबरोबर श्वास घेतो, तिच्याबरोबर सोडतो. डॉक्टरांनीच शिकवलंय.”

रेणुका काहीतरी बोलणार होती. बुवांच्या चेहऱ्यावरची ती आशा बघून तिनं नुसता वाकून नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कमलाबाईंनी खुणेनं पडदा बंद करायला सांगितला. मग त्या पुटपुटल्या, “म्हणा आता. नीट म्हणा, मी मागून म्हणते.”

बुवांनी हात हातात घेतला, ओठ कानाशी नेले. दोघांचा श्वास एक झाला. कमलाबाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि धरला. बुवांनीही धरला. मनात हरी होता, गळ्यात हरी होता. कीर्तनातल्यासारखा तो एक क्षण त्यांनी शांत जाऊ दिला. मग तिचा श्वास सुटू लागला, आणि त्याबरोबर बुवांचाही सुटला. सभामंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचणाऱ्या त्या गोड, भरल्या आवाजात ते स्पष्ट म्हणाले,

“झुंजार.”

कमलाबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. बुवांनी सांगितलं म्हणजे नामच असणार. त्यांनी ते ओठांवर घेतलं, आणि पुढचा श्वास आला नाही.