उजव्या दाराची काच

नोल्फा आराया बावीस वर्षं गाड्यांच्या काचा बसवत होती आणि बायेनार गावात तिच्याकडे काम परत आणायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे त्या सोमवारी तोच पांढरा पिकअप तिसऱ्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा तेच उजवं दार, डावीकडे बसणाऱ्या ड्रायव्हरच्या शेजारचं, आणि चौकटीत नुसतं रबर.

पिकअप इरिबारेनचा. तो खाणीच्या रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. अंगाने आडदांड, तोंडाने त्याहून. गाडी चालवायचा त्याचा ड्रायव्हर इस्मेनियो. तो बिचारा मान खाली घालून उभा होता.

"ए बाई, काचा बसवतेस की बिस्किटं?" इरिबारेन ओरडला.

"आवाज खाली, मालक. समोरच्या काचेत दोन काचा असतात आणि मधे प्लास्टिकचा पडदा. ती तडकते, पण जागा सोडत नाही. दाराची काच एकेरी, भट्टीत तापवून कडक केलेली. तिच्या मधोमध गुद्दा हाणलात तर तुमचाच हात मोडेल. पण कडेला एक खडा रुतला की अख्खी काच साखरेसारखी खाली."

"म्हणजे खडा तूच ठेवलास!"

दाराचं पॅनल उचकटून नोल्फाने काचेची खाच उघडी केली. आत खडा सोडाच, धूळसुद्धा नव्हती. "घ्या. जेवायला बसा हवं तर," ती म्हणाली. मग तिची नजर सीटवर गेली आणि ती थबकली. सीटवर काचेचा एक कण नव्हता. बाहेरून कुणी फोडली असती, तर सीट भरून गेली असती.

"ही आतून फुटलीय. शेजारच्या सीटवरून."

"कुणाला फिरवतोस रे माझ्या गाडीतून?" इरिबारेन आता इस्मेनियोवर घसरला.

"आईची शपथ, मालक, मी एकटाच असतो. मास्तरणीचं वळण मागे पडलं की जरा पुढे... आपोआप फुटते."

"आता फुटली तर तुझी नोकरी गेली. आणि हिला काच धरता येत नाही, हे मी साऱ्या गावाला सांगेन."

बावीस वर्षांचं नाव असं चिंधीसारखं फाडायला निघालेला माणूस! तिने तासाभरात नवी काच बसवली, हात पुसले आणि म्हणाली, "चला, आत्ताच. मी मागे बसते. त्या सीटवर तुम्ही बसा."

तो हसत त्या सीटवर जाऊन बसला.

वर घाटात भर दुपारचं ऊन होतं. उघडे डोंगर, आकाशात ढगाचा ठिपका नाही, ओठ फुटतील इतकी कोरडी हवा. मास्तरणीचं वळण आलं. इस्मेनियोच्या अंगठ्याने सवयीने दोनदा हॉर्न दाबला.

"कुणाला हॉर्न मारतोस? ते घरटं मी गेल्याच महिन्यात काढून टाकलंय," इरिबारेन म्हणाला.

"काय काढलंत?" नोल्फाने मागून विचारलं.

"ती आनिमिता. लोडर वळत नव्हता इथे. दिली दरीत ढकलून."

अकरा वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी, चिमुकल्या अंगाची ओर्फेलिना मास्तरीण या वळणावर हात करून उभी होती. आल्तो देल कार्मेनला आईकडे जायला कुणी गाडीत घेईल म्हणून. तिला ट्रकने उडवलं. रस्त्यावर माणूस दगावतो तिथेच त्याचा जीव घुटमळतो, म्हणून गावाने तिला गुडघ्याएवढं सिमेंटचं घर, म्हणजे आनिमिता, बांधून दिलं, मेणबत्त्या लावल्या. येणारा-जाणारा ड्रायव्हर हॉर्न वाजवून तिला रामराम करायचा. चोरसुद्धा अशा घरातली मेणबत्ती उचलत नाही. आणि या माणसाने लोडर लावला!

"मेलेल्या बाईला बेघर केलंत? जनाची नाही, मनाची तरी लाज?"

"इस्मेनियो, गाडी हाण."

दार उघडलं नव्हतं. तरी पिकअप उजवीकडे किंचित खचला, कुणी आत चढून बसावं तसा. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा वास आला. आणि उजव्या दाराची काच आतून, हळूहळू, वाफेने पांढरी होत गेली.

इरिबारेन गिअरकडे सरकला. "खिडकी... बंद आहे ना रे? माझ्या मांडीला गार..."

पुढे फाटा आला. उजवीकडे आल्तो देल कार्मेन, डावीकडे खाण. इस्मेनियोने गाडी डावीकडे वळवली, आणि आवाज सुरू झाला. टक्... टक्... बोटातली अंगठी काचेवर आपटावी तसा. मधोमध नव्हे. खाली, अगदी कडेला.

"काच खाली घे!" नोल्फा किंचाळली.

इस्मेनियोने बटण दाबलं. काच न फुटता खाली गेली. गार हवेचा एक झोत बाहेर पडला आणि खचलेली गाडी पुन्हा सरळ झाली.

नोल्फा संतापाने पुढे वाकली. "तिला घर राहिलं नाही. हॉर्न ऐकून तिला वाटतं, गाडी आपल्याला न्यायला आली. बसते बिचारी. गाडी खाणीकडे वळली की तिला उतरायचं असतं, आणि तुम्ही काचा मोजताय! ते घर परत बांधा, मालक. नाहीतर तिला तिच्या आईकडे तरी पोचवा."

माणूस असता तर विरघळला असता. इरिबारेनने घाम पुसला आणि तो पुन्हा इरिबारेन झाला. दोघांनी मिळून नाटक केलं म्हणाला. इस्मेनियोला तिथेच कामावरून काढलं. "आणि तू या दाराला समोरच्यासारखी काच बसव. न फुटणारी. चिकटवून टाक, खालीवर व्हायलाच नको."

"तिला आत कोंडायला? माझे हात झडले तरी नाही बसवणार."

त्याने दुसऱ्या गावातून बसवून आणली. उरलेल्या तिन्ही दारांनाही तशीच. नोल्फाला कळलं तेव्हा ती रागाने रडली. इस्मेनियोला तिने आपल्याकडे ठेवून घेतलं. येत्या रविवारी दोघांनी सिमेंट नेऊन वळणावर घर बांधायचं ठरलं.

रविवार उजाडायच्या आत, शुक्रवारी दुपारी, पोलिसांचा निरोप आला. इरिबारेनचा पिकअप आतून बंद आहे, काच फुटत नाही, हत्यारं घेऊन या. खाणीवरचे लोक म्हणत होते, त्या दिवशी तो स्वतः चालवत निघाला होता आणि वळणावर मुद्दाम हॉर्न मारणार म्हणून बढाया मारत होता.

पिकअप आल्तो देल कार्मेनमध्ये होता. ओर्फेलिनाच्या आईच्या अंगणात, नीट सावलीत लावलेला. नोल्फाने तारेने चिकटवण कापून उजव्या दाराची काच सोडवली. इरिबारेन त्याच सीटवर होता, पट्टा लावलेला, हात मांडीवर. जिवंत होता, पण डोळे मिटत नव्हते आणि बोलणं कायमचं गेलं होतं.

"मग गाडी चालवली कुणी?" पोलीस म्हणाला.

नोल्फाने ड्रायव्हरची सीट पाहिली. ती पार पुढे ओढलेली होती. इरिबारेनचे गुडघेही तिथे मावले नसते.

तेवढ्यात म्हातारी दारात आली. आत टेबलावर पाव होता आणि चहाचे दोन कप मांडलेले होते. "बाहेर का उभे? या की आत," ती आनंदाने म्हणाली. "ती आत्ताच हातपाय धुवायला मागे गेलीय."

मागच्या दारी नळ वाहत होता. सगळे ऐकत राहिले. मग तो कुणीतरी बंद केला.