दुसऱ्या चित्रातली सावली

लोखंडाच्या खाणीत उभा जन्म घालवलेला ताउनो तसा भिणारा गडी नव्हता. त्या सकाळीही तो भ्याला नव्हता, नुसता चिडला होता. हृदयाची तपासणी होती आणि आदल्या दिवसापासून कॉफीचा थेंबही चालणार नव्हता. फिनलंडहून आलेल्यांच्या त्या गावात माणूस एक वेळ जेवणावाचून राहील, कॉफीवाचून नाही.

तरी एक कप त्यानं केलाच. बायको हेल्मी बर्फ वितळताना गेली, तेव्हापासून तिच्या जागेवर तो रोज कप मांडायचा, बशीत साखरेचा खडा ठेवायचा. हेल्मी खडा दातात धरून बशीनं कॉफी ओढायची. ताउनो साखरेला कधी शिवला नाही.

मुलगी सिल्विया न्यायला आली आणि दारातच थबकली.

"बाबा! प्यायलात?"

"तुझ्या आईची आहे ती."

"आई काय येऊन पिणार आहे?"

"न पिईना का. मांडायला काय जातंय?"

काठोकाठ भरलेला कप तसाच ठेवून, कुलूप लावून दोघं निघाली.

सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं, रक्त कुठवर पोचतं ते चित्रात नीट दिसलं तरच छाती उघडीन. उघडली नाही, तर हा हिवाळा काही निघायचा नाही.

तपासणी करणारी डोरीन त्यांच्याच चर्चमधली, ओळखीची. तिनं किरणं सोडणारं औषध शिरेत टोचलं, त्याचे हात डोक्यावर ठेवायला लावले. कॅमेरा घूं घूं करत छातीभोवती फिरला. पडद्यावर हृदय उमटलं, खालची कड काळी. जुना झटका तिथंच येऊन गेला होता.

"तुमचंच आहे काका," डोरीन हसली. "डाग ओळखीचा आहे."

मग दुसरं औषध. टेकडी चढल्यासारखं हृदयाला पळवणारं.

"आता धाप लागेल, तोंड लाल होईल. घाबरू नका हं."

पण ताउनोला काहीच होईना. श्वास शांत, तोंड कोरडं पांढरं.

"काका, खरं सांगा. कॉफी?"

"देवाशपथ नाही."

"घोटभर?"

"अगं, वासावरच जगतोय कालपासून."

"मग असं कसं... कॉफी पोटात असली की हे औषध असं वाया जातं."

तरी तिनं चित्र घेतलं. पडद्याकडे पाहिलं, आणि तिचा हात हवेतच राहिला. तिनं पुन्हा घेतलं. घूं घूं... तेच चित्र.

खालचा काळा डाग नव्हता. समोरच्या बाजूला मात्र एक फिकट सावली होती.

"काय झालं?" दाराशी थांबलेल्या सिल्वियानं विचारलं.

"ही सावली..." डोरीननं पडद्यावर बोट ठेवलं. "बायकांच्या चित्रात येते. स्तनाची. काका तर असे काटकुळे... आणि हे हृदयही लहान आहे गं."

"मशीन बिघडलं असेल."

"असेल..." डोरीन म्हणाली. पण तिनं ताउनोकडे मान वर करून पाहिलं नाही.

सर्जनचा निरोप आला: या चित्रावर सुरी लावणार नाही, येत्या गुरुवारी परत या.

घरी सिल्वियानं कुलूप काढलं, आणि ताज्या कॉफीचा वास अंगावर आला. शेगडी थंड होती. हेल्मीच्या जागेवरचा कप रिकामा. बशी ओली. खडा नव्हता.

"बाबा... दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

"आईची. ती तिच्याबरोबर पुरली."

सिल्वियानं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. तिला रडू फुटलं होतं. "गुरुवारी कप मांडू नका बाबा. पाया पडते. पुन्हा असंच झालं तर ते कापणार नाहीत, आणि मग तुम्ही..."

पोर खरं बोलत होती. ताउनोलाही जगायचं होतं. नाही मांडणार, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

दातांखाली काहीतरी कुरकुरलं.

गोड होतं.