हळदीनं अंग चाटणं सोडलं

केलगेरीच्या वाटेवरच्या त्या घराची कडी वाजली तेव्हा दार शेषगिरीनं उघडलं. उंबऱ्याबाहेर एक तरुण बाई उभी होती. कडेवर अंगठा चोखणारं मूल आणि दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेली वेताची बुट्टी.

शेषगिरी धारवाडच्या कोर्टात वकिली करत असे. माणसाचं दुखणं आपल्याला एका नजरेत कळतं, असा त्याचा समज होता. डॉक्टरांचं घर पुढच्या बोळात आहे, मुलाला तिकडे न्या, असं त्यानं तिला सांगितलं.

"मूल बरं आहे," ती म्हणाली. "बुट्टीतलं आजारी आहे. आणि मला अंबूताईच हव्यात."

अंबूताई ही शेषगिरीची थोरली बहीण. तिचे यजमान फौजदार होते. ते गेल्यावरही लोक आपली अडलेली प्रकरणं घेऊन याच घरी येत राहिले. फौजदारांचे निम्मे गुन्हे घरात भाजी निवडता निवडता उलगडले जात, हे हुबळी-धारवाडात बहुतेकांना ठाऊक होतं.

पाहुणी कौसल्या. हुबळीत लॅमिंग्टन रोडवर तिच्या सासरचं कापडाचं दुकान. आदल्या दिवशी तिनं तापानं पडलेल्या सासूजवळ दुधाचा पेला ठेवला होता. दूध कढत म्हणून सासूनं बाजूला सारलं, ते मांजर प्यायलं आणि तिथंच भडाभडा ओकलं. सुनेनं विष कालवलं, अशी घरभर ओरड झाली. निपाणीला तिच्या भावाला तार गेली. आज संध्याकाळी तो तिला न्यायला येणार होता. मूल मात्र सासरीच राहणार होतं.

"अंगावर पिणारं पोर आहे," कौसल्या म्हणाली. "ते ठेवून जा म्हणतात. सगळे देवघरात होते तेवढ्यात मी दोघांना उचललं आणि गाडीत बसले."

"मूल समजलं. मांजर कशाला?" शेषगिरीनं विचारलं.

"आजारी मांजराला आमच्याकडे कुणी शिवत नाही. ज्याच्या हातात मरेल त्याला काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं म्हणे. मी म्हटलं, लागू दे मला पाप. पण कणगीमागे एकटीला मरू देणार नाही."

अंबूताईंनी फडकं बाजूला केलं. मांजर पिवळं होतं, म्हणून नाव हळदी. पण अंगावर तकाकी नव्हती. केसांच्या बटा झाल्या होत्या, शेपटी चिकट, हनुवटीला लाळ. डोळ्यांवर आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा सरकला होता. अंबूताईंनी पुढ्यात पाणी ठेवलं. हळदी वाटीवर मान घालून बसली, पण प्याली नाही. पंज्यानं तोंड मात्र दोनदा खरवडलं.

"हिनं अंग चाटणं कधी सोडलं?"

"दुधाच्या कितीतरी आधी." कौसल्या एकदम बोलू लागली. "ही पाळण्याखाली निजायची. एक दिवस उठून कणगीमागे गेली ती बाहेर येईना. जेवेना. पोटाला हात लावला की कण्हायची. मी सांगितलं सगळ्यांना. मांजर आहे, उपास करतंय, म्हणाले. बाळाचं दुखतं तेव्हा ते तरी कुठं सांगतं? दूध सोडतं, अंग आखडून पडतं. हिचंही तसंच होतं. तूप-पाणी पाजायला गेले तर ह्यांनी हात धरला. तोंडात बोट घालू नकोस, चावेल म्हणाले. आमची हळदी आजवर कुणाला चावलेली नाही."

"शेषगिरी, टांगा आण," अंबूताई म्हणाल्या.

"पोलिसात जायचं, अक्का?"

"जनावरांच्या दवाखान्यात."

दवाखान्याच्या अंगणात एक बैल खूर वर धरून उभा होता आणि एक घोडा कुणावर तरी रागावला होता. डॉक्टरांनी बुट्टीत डोकावून पाहिलं. "बेक्कु?" ते कानडीत म्हणाले, आणि मग मराठीत म्हणाले की इतक्या वर्षांत मांजर घेऊन कुणी आलं नव्हतं.

"मग आज आलंय," कौसल्या म्हणाली. "जागा करा."

डॉक्टर हसले, पण त्यांनी जागा केली. हळदीला धरायला त्यांनी शेषगिरीला बोलावलं. त्यानं डोळे मिटून घेतले, म्हणून कौसल्यानं बाळ त्याच्याकडे दिलं आणि मांजर स्वतः धरलं. डॉक्टरांनी जबडा उघडला, जीभ उचलली आणि शीळ घातली.

जिभेच्या मुळाशी तांबड्या रेशमाचा वेढा बसला होता. धाग्याचं एक टोक घशातून खाली गेलं होतं. जिभेखाली खोल चीर पडून तिला पू धरला होता.

त्यांनी वेढा कापून तेवढा तुकडा काढला. आतला धागा ओढायचा नाही, ओढला तर आतडं चिरतं, असं ते म्हणाले. तेल देऊन वाट बघायची. आणखी उशीर झाला असता तर आशा नव्हती. अशी चीर एका दिवसात पडत नाही, विषानं तर मुळीच नाही. "आणि हे बघा, बाहेरचं टोक. मांजराच्या दातानं तुटलं तर पिंजतं. हे सरळ कापलंय, कात्रीनं."

अंबूताईंनी तो तुकडा रुमालावर पसरला. बोटभर लांबीचा, त्यावर सारख्या अंतरावर बारीक गाठी.

"शिवणकामाचा दोरा," शेषगिरी म्हणाला.

"कापड शिवताना टाक्यागणिक गाठ मारतोस का रे?"

हळदीला दवाखान्यात ठेवून ते दुपारच्या गाडीनं हुबळीला गेले.

वैशाखाची दुपार होती. दारात यशवंत, कौसल्याचा नवरा, सामोरा आला. मनगटापर्यंत बटणं लावलेला कोट त्यानं घातला होता. घामानं त्याची कॉलर भिजली होती. कोर्टातल्या माणसाचा मान राखला, असं वाटून शेषगिरी सुखावला. बायकोनं परस्पर जाणं बरं केलं नाही, एवढंच यशवंत बोलला. तिच्या कडेवरच्या बाळाकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. आई ठरवेल तसं होईल, आपण काय करणार, असं त्याचं म्हणणं होतं.

अंबूताई आधी नणंदेकडे गेल्या. श्यामला माहेरपणाला आली होती आणि मण्यांचं तोरण करत बसली होती. पुढ्यातल्या डब्यात सुया, कात्री, रंगीत मणी, दोऱ्याची रिळं. शेषगिरीनं बहिणीला कोपरानं ढोसलं. अंबूताईंनी तोरण हातात घेऊन कौतुक केलं. दोरा सुताचा होता आणि मणी एकमेकांना भिडलेले. मांजराबद्दल विचारलं तेव्हा श्यामला जरा ओशाळली. मांजर बरेच दिवस कणगीमागे होतं, वहिनी सांगत होती ते खरं. पण आईपुढे कोण बोलणार?

"कात्री कुणी मागून नेली होती का मधे?"

दादा कधीतरी न्यायचा, नखं काढायला, ती म्हणाली.

सासू, चंद्रभागाबाई, उशाला टेकून बसल्या होत्या. ताप उतरला होता, राग नव्हता उतरला. सुनेचा हेतू त्यांना स्पष्ट दिसत होता. "माझ्या मोत्यांच्या सरावर डोळा आहे तिचा. माझ्या अप्पांनी दिलेला. रेशमात ओवलेला, मोत्यागणिक गाठ. तुटला तरी एकच मोती पडेल, बाकीचे जागच्या जागी. मी मेले की तिच्याच गळ्यात जायचा ना तो?"

"आता कुठं आहे?"

"या उशाखाली. गुढीपाडव्याला यशवंतानं उजळून आणला, तेव्हापासून हलवलेला नाही."

"आणि दुधात विष होतं, हे तुम्हाला कसं कळलं?"

"यशवंत म्हणाला. मला वाटलं होतं, मांजरच ते, ओकतं कधीमधी."

संध्याकाळी कौसल्याचा भाऊ टांगा घेऊन दारात आला तेव्हा सगळे सासूच्या खोलीत जमले. कौसल्या दाराशी उभी राहिली, बाळ छातीशी घट्ट.

अंबूताईंनी रुमाल उघडून पलंगावर ठेवला.

"विष नव्हतं. मांजर दुधाच्या आधीपासून आजारी होतं. अंग चाटणं सोडलेलं, अन्न सोडलेलं, श्यामलानंही ते पाहिलं होतं. हा धागा त्याच्या जिभेला वेढला होता. ज्याच्या पोटात धागा अडकलाय ते काहीही प्यालं तरी ओकणारच. आता या गाठी बघा."

चंद्रभागाबाईंनी धागा उचलला. एकेक गाठ बोटानं चाचपली.

"पण असा धागा सुटा झाला, म्हणजे मोती त्यातून निघाले असणार," अंबूताई म्हणाल्या.

"सर माझ्या उशाखाली आहे."

"मग दाताला घासून बघा."

म्हातारीनं उशाखालची डबी काढली. एक मोती समोरच्या दातावर घासला. खरा मोती दाताला वाळूसारखा खरखरतो. हा गुळगुळीत घसरला. त्यांनी दुसरा घासला, तिसरा घासला. मग सर मांडीवर टाकला आणि कुणाकडेही पाहिलं नाही.

"अक्का, मांजर तर कौसल्याबाईंच्या खोलीत निजायचं," शेषगिरी कुजबुजला. "धागा तिथंच कापला असणार. म्हणजे त्यांनीच..."

"खोली दोघांची आहे, शेषगिरी. दोघांपैकी एकजण मांजराचं तोंड उघडायला गेली होती. दुसरा उघडू नको म्हणत होता." त्या यशवंताकडे वळल्या. "धाग्याचं टोक तोंडाबाहेर लोंबत असणार. ते तुम्ही पाहिलंत, ओढलंत, निघेना तेव्हा श्यामलाच्या कात्रीनं कापलंत. म्हणजे मांजराला काय झालंय हे घरात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. तरी विष हा शब्द तुमच्याच तोंडून आधी निघाला. मांजर पुरलं की धागा पुरला जाणार, आणि बायको निपाणीला गेली की प्रश्न विचारणारं कुणी उरणार नाही. उकडतंय फार. कोट काढा."

यशवंत हलला नाही. श्यामलानंच पुढे होऊन त्याच्या बाहीचं बटण सोडलं. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते, समांतर, खपली धरलेले.

"हळदी कुणाला चावत नाही," कौसल्या म्हणाली. "ओरबाडलं असेल. दुखलं असेल तिला."

मग यशवंत बोलला. फिरत्या बोलपटाच्या तंबूत त्याला भागीदारी हवी होती. ओळखीचा सर सराफात नेला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून तो उजळायला म्हणून नेला, तसाच खोटा करवून आईला आणून दिला आणि खऱ्याचे मोती मागाहून खोलीत सुटे करून विकले. कौसल्याला कायमचं पाठवायचं नव्हतं, चार महिन्यांनी तो तिला आणणारच होता.

"आणि चार महिने हे काय पिणार होतं?" तिनं बाळाकडे बोट दाखवलं.

चंद्रभागाबाई खोटा सर बाजूला सारून म्हणाल्या, "कौसल्या, सामान आत घे."

"नाही, आत्याबाई. काल तुम्ही जा म्हणालात, आज या म्हणता. मी धारवाडला चाललेय. हळदीच्या पोटातला धागा पडेपर्यंत तिथंच राहीन. बाळ माझ्याबरोबर येईल. पुढचं मी ठरवीन, आणि ठरलं की कळवीन."

तिला कुणी अडवलं नाही. भाऊ आपण आणलेल्या टांग्यात तिच्याशेजारी बसला.

धागा पडला. त्यानंतर एका सकाळी केलगेरीच्या घराच्या ओसरीवर हळदीनं उजवा पंजा उचलला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चाटायला सुरुवात केली. पंजा झाला, मग कान, मग पोट. बाळ टाळ्या पिटत होतं. कौसल्या स्वैपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिथंच बसून रडली. शेषगिरीला वाटलं, मांजर दगावलं. तो सांत्वनाचं वाक्य जुळवत बाहेर आला आणि तसाच परत गेला.

त्याच दुपारी फाटकाशी यशवंत येऊन उभा राहिला. अर्ध्या बाहीचा सदरा, हातात टोपी. अंबूताईंनी त्याला पाहिलं, पण त्या भाजी निवडत राहिल्या.

नवरा दारात आला की उठून उभं राहायचं, हे कौसल्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. उठली मात्र नाही. तिच्या मांडीवर हळदी झोपली होती.