चार चोवीसचं कुलूप

फोटो एकसष्ट हजार, आणि प्रत्येकावर एकच वेळ: बारा नोव्हेंबर, सकाळचे अकरा. चौकशी आयोगाच्या कुणा दिवट्याने लोकांच्या फोनमधले फोटो असे काही उतरवून घेतले होते, की मूळ तारखा आणि वेळा साफ पुसल्या गेल्या. तारणपूरच्या बॅटरी कारखान्यात आग लागली ती आठ तारखेला. संप चालू होता. बाहेर संपकऱ्यांची दगडफेक, आत कामावर आलेली आठ माणसं, आणि शटरला बाहेरून कुलूप. ती आठही जळून मेली. कुलूप आगीआधी लागलं की नंतर, एवढंच ठरवायचं होतं.

हे काम कालस्थापन प्रयोगशाळेच्या डॉ. शरयू टिपरे यांच्याकडे आलं. खरं तर ते त्यांना द्यायलाच नको होतं. कारण जळालेल्यांत नववा होता त्यांचा धाकटा भाऊ मोरू. संपाचे फोटो काढायला गेलेला हा पोरगा धूर दिसताच गळ्यातला कॅमेरा कुंपणाला अडकवून छपरावर चढला, पत्रा उचकटून आत उतरला, आणि बाहेर आला तो पोत्यातून. शरयूताईंनी त्याला ओळखलं ते पट्ट्याच्या बकलावरून. पण ही विद्या अख्ख्या राज्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हती, म्हणून आयोगाने डोळ्यांवर कातडं ओढलं.

"विद्या तरी काय आहे, ताई?" फ्रान्सिस डाबरेने विचारलं. वसईचा हा पदार्थवैज्ञानिक डोंगरावरच्या किरणवेधशाळेतून मदतीला आला होता.

"आकाशातून कणांच्या सरी पडत असतात, ते तुला ठाऊकच आहे."

"दहा वर्षं त्याच मोजतोय."

"सर आली, की तिच्याखालच्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या प्रकाशपटलावर एकाच क्षणी ठिपके उठतात. आणि ठिपका उठला, की तासभर विरत राहतो, चुलीवरून उतरवलेला तवा निवतो तसा. म्हणजे कुठल्याही फोटोत मागच्या तासाभराच्या सरी असतातच. कुठली किती विरली ते मोजायचं. दोन फोटोंमध्ये किती सेकंद गेले, ते कळतं. मग कॅमेरे कुणाचेही असोत."

"हे आपापसातलं अंतर झालं. घड्याळात वाजले किती, ते कसं कळणार?"

"त्याला एक खुंटी लागते. एका फोटोची खरी वेळ हाती आली, की बाकीचे सगळे एका फटक्यात आपापल्या जागी जाऊन बसतात." शरयूताईंनी टेबलावरचा कॅमेरा उचलला. त्याचा पट्टा एका बाजूने करपला होता. "ही खुंटी. मोरूचं कार्ड थेट माझ्या हातात आलं, त्यातल्या वेळा कुणी पुसलेल्या नाहीत."

"आणि कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं असलं तर?"

"ते मी स्वतः लावलंय! खंडेनवमीला. पूजेला मांडण्याआधी त्याने नवी बॅटरी घातली, घड्याळ शून्यावर आलं. 'ताई, तेवढी वेळ लाव गं,' म्हणाला. मीच लावली."

फ्रान्सिस म्हणाला, "आमच्याकडे सरींची नोंद अणुघड्याळावर होते. आठ तारखेची मागवलीय, चार दिवसांत येईल. तेवढं थांबू या."

"चार दिवस? माझा भाऊ कोळसा झाला, आणि तो बजरंग खिलारे घरी बसून भाकरी मोडतोय!"

बजरंग खिलारे कारखान्याचा पहारेकरी. कुलूप त्यानेच लावलं होतं, आणि तसं तो कबूलही करत होता. "दगड यायला लागले म्हणून आतल्यांच्या जिवासाठी लावलं," तो सांगे, "आगीची घंटा नंतर झाली, साहेब. तेव्हा मी पोलिसांना आत घ्यायला मागच्या फाटकावर होतो. किल्ली घेऊन पळत आलो, तर लोकांनी मलाच आडवा केला." घंटा वाजल्याची वेळ अग्निशमन दलाच्या यंत्रात पक्की होती: चार वीस. धूर बाहेर दिसला तो बऱ्याच उशिरा, त्यामुळे फोटोतल्या धुराचा इथे काही उपयोग नव्हता.

खुंटी ठोकली, आणि एकसष्ट हजार फोटो चार मिनिटांत रांगेला लागले. शटरशी वाकून कुलूप लावणारा बजरंग सापडला. वेळ चार चोवीस. म्हणजे घंटा ऐकून, वर चार मिनिटं थांबून मेल्याने कुलूप घातलं होतं. शरयूताईंनी दातओठ खात अहवालावर सही केली.

सोमवारी सकाळी अकराला अहवाल वाचला गेला. बारापर्यंत भिंतींवर खडूने, कोळशाने, जे हाताला लागेल त्याने '४:२४' लिहिलं गेलं. साक्षीला आलेला बजरंग आयोगाच्या कचेरीत अडकला, आणि बाहेर तीन हजार माणूस जमलं. प्रयोगशाळेत शरयूताई ते पडद्यावर बघत होत्या. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटत होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"दीड वाजला गं, जेवलीस का?"

"जेवते, आई," त्या म्हणाल्या आणि सवयीने मनात वजाबाकी केली. आईचा दीड म्हणजे एक वीस. स्वयंपाकघरातलं घड्याळ आई कायम दहा मिनिटं पुढे ठेवी, शाळेला उशीर नको म्हणून. शाळा संपून तीस वर्षं झाली, घड्याळ पुढेच राहिलं. घरात कुणालाही वेळ विचारली तरी तो दहा वजा करूनच सांगे.

शरयूताईंची नजर मोरूच्या कॅमेऱ्यावर गेली. खंडेनवमीला स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी भिंतीवर पाहिलं होतं, आणि दिसले तेवढे आकडे कॅमेऱ्यात भरले होते. वजाबाकी न करता.

"फ्रान्सिस! चार चोवीस नाही रे! चार चौदा! घंटेच्या आधी!"

"मग पोलिसांना फोन करा, ताई! आत्ता!"

"आणि पुन्हा चुकले तर? एकदा घाई केली तेवढी पुरे. तुझी नोंद आली का?"

नोंद सकाळीच येऊन पडली होती, कुणी उघडली नव्हती. शरयूताईंनी ती उघडली, सरीशी सर जुळवली, मोरूच्या कॅमेऱ्यातला फरक काढला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. फ्रान्सिस मागे उभा राहून "ताई, फोन, ताई, फोन" करत होता. फरक बरोबर सहाशे सेकंदांचा निघाला. मग त्यांनी फोन उचलला. तेव्हा दीड वाजला होता, खरा दीड.

"मॅडम," पलीकडचा अधिकारी म्हणाला, "आता काय उपयोग?"

दोन दिवसांनी त्या दुपारचे, कचेरीबाहेरचे चार हजार फोटो आले. या खेपेला वेळा मारणाऱ्यांनीच पुसल्या होत्या. शरयूताईंनी खुंटी म्हणून वेधशाळेची नोंद घेतली, आणि फोटो रांगेला लागले.

एक वीस: बजरंग कचेरीच्या पायरीवर हात जोडून उभा. पुढे दोन शिपाई, एकाच्या हातात कर्णा. लोक अजून ऐकत होते. एक तेवीस: शिपाई कर्ण्यातून काही सांगतोय, पण सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. एक चोवीस: पहिला दगड, बजरंगचा कान फाटलेला. एक पंचवीस: शिपाई खाली पडलेले, बजरंगच्या गुडघ्यावर लोखंडी पहार. एक सत्तावीस: तो रांगतोय, मूठ वर केलेली, मुठीत शटरची किल्ली. लोकांना दाखवायची होती बहुतेक. एक अठ्ठावीस: मूठच ठेचलेली. एक एकोणतीस: तो उताणा पडलेला, आणि पांढऱ्या शर्टावर कुणीतरी त्याच्याच रक्ताने बोट फिरवून लिहिलंय, ४:२४.

शरयूताईंनी एक वीसचा फोटो पुन्हा उघडला. नऊ मिनिटं होती हातात. कर्ण्यातून एक वाक्य सांगायला नऊ मिनिटं कितीतरी झाली.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा आई ताट वाढत होती. बातमी आज तिच्याही कानावर आली होती.

"मेलाच का गं तो पहारेकरी?"

"हो."

"किती वाजता?"

"एक एकोणतीसला."

आईने आमटीची वाटी ताटात ठेवली, भिंतीकडे पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "आपल्या घड्याळात, की खरे?"

"खरे, आई," शरयूताई म्हणाल्या. "या वेळी खरे."