चुना ओला आहे तोवर

त्या जुन्या मनोऱ्याच्या गोल जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली, की एकाला माघार घ्यावीच लागते. मोराग घाईने खाली उतरत होती आणि चुन्याची बादली घेतलेला एक उंच तरुण वर येत होता. दोघंही हटेनात.

"हा जिना शत्रूला अडवायला बांधलाय," ती म्हणाली. पाहुण्यांना हा मनोरा दाखवणं हेच तिचं काम होतं.

"मी शत्रू नाही... चुनेवाला आहे."

"ते ठरायचंय अजून."

तो हसला आणि उलट्या पावलांनी खाली गेला. स्ट्रूअन त्याचं नाव. चारशे वर्षांच्या त्या दगडी मनोऱ्याला मध्ये कुणा शहाण्याने सिमेंट फासलं होतं. तेव्हापासून भिंती आतून ओल धरून बसल्या होत्या. ते खरवडून पुन्हा चुना मारायला तो आला होता.

त्या दिवसापासून मोरागचं चित्त ठिकाणावर राहीना. तळघरात उभी राहून ती पाहुण्यांना वरच्या दिवाणखान्याची गोष्ट सांगू लागली. काही ना काही निमित्त काढून ती मजले चढायची. खिडक्या अगदी अरुंद — एकीतून परांचीवरचा त्याचा हात दिसे, दुसरीतून भुरभुर पावसात भिजलेले केस... अख्खा माणूस काही दिसेना! मग ती चहा घेऊन खालीच जाऊ लागली. चुना घाईने वाळला तर तडकतो, म्हणून त्यावरचं गोणपाट ओलं कसं ठेवायचं, हे तो तिला शिकवायचा.

भिंती पुऱ्या झाल्या, तसं त्याला ऑर्कनी बेटांवरच्या कामाचं बोलावणं आलं.

"गोणपाट भिजवायला जमेल तुला एकटीला?" त्याने विचारलं. "जमलं, तर उद्याच्या बोटीने निघतो. नाहीतर थांबावं लागेल."

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण या भिंतींच्या बाबतीत तिला खोटं बोलवेना.

"जमेल," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

त्याने मान डोलावली. उगाच बादली इकडची तिकडे केली.

"भिंतीसाठी थांबू नकोस," ती एका दमात म्हणाली. "माझ्यासाठी थांब. मला तू आवडतोस, स्ट्रूअन."

तो बादली सोडून तिच्याकडे वळला.

"तू नाही म्हणावंस, म्हणून सकाळपासून देवाला विनवतोय," तो हळूच म्हणाला. "म्हणजे हे मला बोलावं लागलं नसतं..."

"भित्रा कुठला."

हाताच्या ओल्या चुन्याने तिला भाजेल म्हणून त्याने हात पाठीमागे लपवले होते. तिनेच मग त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशीची बोट त्याच्याशिवाय गेली.